गाळलेल्या जागा

टकोमात पाऊस मोठा नसतो,
नुसता थांबत नाही.
ऑक्टोबर लागला की लोक टोपी पुढे ओढतात
आणि चालत राहतात.

तविता लिओटा आकडा अडकवतो,
कंबर नाही, गुडघे वाकवतो.
"झाकणाला कधी घाई नसते," म्हणतो मला,
आणि लोखंड डांबरावरून सरकतं
जात्यासारखं घरघरत.

खाली साडेचार मीटरवर काँक्रीटचा हौद,
हौदात पिंप.
मोटर नाही, वायर नाही, कोणी ढकलत नाही.
रस्त्याचं पाणी फक्त तिरकं आत सोडलंय,
म्हणून ते कडेकडेनं फिरतं,
फिरता फिरता दमतं,
आणि दमलं की हातातलं सोडून देतं.
जड ते तळाशी.
तेल आणि थर्माकोल वर, जाळीच्या आत.
मधलं तेवढं पुढे जातं, ओढ्याकडे.

कंत्राटात याचं नाव दीड ओळीचं आहे.
तविता त्याला डीकन म्हणतो.
त्याच्या सामोअन चर्चमध्ये एक म्हातारा होता तसाच,
कुणावर ओरडायचा नाही,
दारातून आलेल्या प्रत्येकाला
नुसतं वळण लावायचा.

मी काठी सोडते, खूण बघते.
एकतीस सेंटिमीटर.
मग ट्रकची सोंड खाली जाते
आणि रस्ता वर यायला लागतो:
ब्रेकची धूळ, वाळू, मेपलची कुजलेली पानं,
थोटकं, थोटकं, थोटकं,
कुणाच्या तरी वाढदिवसाचा आठचा आकडा, मेणाचा,
वात न जळलेली.
तो मी खिशात ठेवला. का, ते विचारू नका.

वेळेत उपसला नाही तर हा हौद म्हणजे उधारी.
पुढचा जोराचा पाऊस येतो
आणि साठवलेलं सगळं
एका रात्रीत व्याजासकट ओढ्यात फेडतो.
म्हणून आम्ही.

दुपारी ओढ्यावर रोवेना भेटली.
गुडघ्यापर्यंत बूट, हातात सुरी,
ती मेलेले मासे मोजते.
तिने एक कोहो उताणी केली, पोट चिरलं.
अंडी जशीच्या तशी, केशरी, घट्ट.
समुद्रातून इतक्या लांब आली होती
आणि घालायची राहून गेली.
"काल जिवंत होती," रोवेना म्हणाली,
"तोंड उघडं, पाण्याच्या वरवर,
गोल गोल फिरत होती."

गोल गोल.
मी तविताकडे पाहिलं, त्याने ओढ्याकडे.

टायरमधून काहीतरी झिजतं, तिने सांगितलं,
ते हवेत बदलतं, पाण्यात विरघळतं.
विरघळलेलं दमत नाही.
डीकनने कितीही फिरवलं तरी
ते हातातलं सोडत नाही, कारण त्याच्या हातात काही नसतंच,
तेच पाणी झालेलं असतं.
त्याला माती लागते, साल, कुजलेलं खत,
हळू झिरपायला जागा.
वरच्या चौकात तशी पेटी बसवायचीय, पुढच्या वर्षी,
पैसे आले तर.

ट्रकमध्ये बसून मी तक्ता भरला.
गाळ: एकतीस. तेल: पातळ थर. तरंगता कचरा: दीड पोतं.
शेवटचा रकाना: विरघळलेलं.
त्याला आमच्याकडे काठी नाही, खूण नाही.
मी शून्य लिहायला गेले.

तविताने माझ्या पेनवर बोट ठेवलं.
"शून्य नको. शून्य म्हणजे नाही.
हे आहे."

मग तशीच सोडली ती जागा.
शाळेत अशा जागा भरायला सांगायचे,
उत्तरं खाली कंसात दिलेली असायची.

झाकण बसवलं, दोनदा पाय आपटून पाहिलं.
पाऊस होताच.
दहा चाकांवरचा आमचा जड ट्रक
ओल्या रस्त्याला लागला,
थोडा थोडा
स्वतःला मागे सोडत.